अराई काम्पो

अराई काम्पो (1878–1945) : पारंपरिक जपानी शैलीचे चित्रकार. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलांमुळे मराठी वाचकाला ते जवळचे वाटावेत. जन्म तोचिगी प्रांतातील उजिइए येथे. मिझुनो तोशिकाता यांच्याकडे शिक्षण झाल्यावर त्यांनी ‘कोक्का’ या कलानियतकालिकासाठी जुन्या चित्रांच्या नकला करण्याचे काम धरले. बौद्ध विषयांवरची त्यांची स्वतंत्र चित्रेही नावाजली गेली.

नक्कल म्हणजे दुय्यम काम, हा समज त्यांच्या परंपरेत नाही. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवायचा, तो गुंडाळायचा, पुन्हा उलगडायचा आणि डोळ्यांत रेषा ताजी आहे तोवर ती ओढून घ्यायची. रंग खनिजे कुटून केलेले, सरसात कालवलेले. पांढरा शिंपल्यांच्या भुकटीचा. पूर्वीच्या चित्रकाराचा हात कसा फिरला असेल, हे असे काम करतानाच कळते.

1916 मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानला गेले. तेथे ओळख झाली आणि त्यांच्या आमंत्रणावरून काम्पो कोलकात्याला आले. जोडासाँकोतील टागोरांच्या वाड्यात भरणाऱ्या ‘विचित्रा’ या कलासभेत त्यांनी जपानी चित्रकला शिकवली. बंगाली चित्रकार नंदलाल बोस यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे जपानी कला-इतिहासकार सावामुरा सेंतारो यांच्या पथकाबरोबर ते अजिंठ्यात राहिले. लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. या नकलांचा मोठा भाग 1923 च्या भूकंपानंतर तोक्योत लागलेल्या आगीत गेला. त्याआधी ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकला 1866 मध्ये आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केलेल्या बऱ्याच नकला 1885 मध्ये लंडनमध्ये अशाच जळाल्या होत्या. इतक्या वर्षांची मेहनत तीनदा आगीत जावी, याची हळहळ वाटते.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आणि जपानमधील नारा परिसरातल्या होर्युजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या भिंतीवरचा बोधिसत्त्व यांचे नाते अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. 1940 मध्ये होर्युजीच्या मुख्य दालनातील चित्रांच्या नकला सुरू झाल्या, तेव्हा चार पथकांपैकी एकाचे प्रमुखपद काम्पो यांच्याकडे आले. अंधाऱ्या दालनात तेव्हा नवलाईचे असलेले फ्लुरोसंट दिवे लावले होते. छायाचित्राचा फिकट ठसा उमटवलेल्या जपानी कागदावर चित्रकार भिंतीकडे पाहत रंग भरत; तडा आणि उडालेला पोपडासुद्धा जसाच्या तसा. 1945 मध्ये या कामासाठी निघालेल्या काम्पो यांचा वाटेतच मृत्यू झाला.

26 जानेवारी 1949 रोजी त्याच दालनाला आग लागून मूळ चित्रांचे रंग करपले. आज तेथे दिसणारी चित्रे 1967–68 मध्ये, जुनी छायाचित्रे व नकला समोर ठेवून, नव्याने रंगवलेली आहेत.