सात नंबरची जर्सी: रॉबर्ट जावोर्स्कीची पार्श्वभूमी

मर्चंट नेव्हीत ज्यांनी दोन-चार कॉन्ट्रॅक्ट केलीत त्यांना माहितीच असेल, फिलिपिनो क्रू असला की जहाजावर कुठेतरी बास्केटबॉलची रिंग वेल्ड केलेली सापडतेच. आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) पन्नाशीचा, पोट सुटलेला, संध्याकाळी ड्यूटी संपली की धुऊन धुऊन विरलेली सात नंबरची जर्सी घालून खाली यायचा आणि पोरांनी वयावरून चिडवलं की म्हणायचा जावोर्स्की पण या वयात खेळतच होता. मला वाटायचं थापा मारतोय. नंतर वाचलं तर खरं निघालं, रॉबर्ट जावोर्स्की 1997 साली 51 वर्षांचा असताना फिलिपिन्सच्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडू म्हणून रजिस्टर होता, आणि वर त्याच टीमचा कोच.

आधी जरा मागे जाऊ. बास्केटबॉल फिलिपिन्समध्ये अमेरिकन राजवटीबरोबर आला, वायएमसीए आणि शाळांमधून पसरला, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हे लोक चक्क पाचवे आले, 1954 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तिसरे. सरासरी उंची बघा आणि मग हे आकडे बघा. गल्लीत जागा असो नसो, रिंग असणारच, आणि खेळणाऱ्यांच्या पायात निम्म्या वेळा स्लिपर.

जावोर्स्की 8 मार्च 1946 चा, जन्म बागियोचा. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन आणि आई फिलिपिनो, म्हणून ते आडनाव. कॉलेजात युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्टकडून खेळला, तिथे कोच होते बेबी डालुपान (हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे). 1967 ला सोलमध्ये आशियाई चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता, पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिंपिक.

तेव्हा मोठी लीग म्हणजे एमआयसीएए, कंपन्यांच्या टीमची. आपल्याकडे क्रिकेटच्या टाइम्स शील्डला बँका आणि कंपन्या उतरतात ना, तसंच, फक्त इथे अख्खा देश बघायला बसलेला. शहराच्या नावाची टीम ही भानगडच नाही, टीम म्हणजे वीज कंपनी, कापडवाले, गाडीवाले, दारूवाले. जावोर्स्की मेराल्को या वीज कंपनीकडून खेळायचा आणि डिसेंबर 1971 मध्ये क्रिस्पा या कापडवाल्यांच्या टीमविरुद्धच्या मॅचला त्याने आणि बिग बॉय रेनोसोने मिळून दोन रेफ्रींना मारलं. धक्काबुक्की नाही, मारलं. दोघांवर आजन्म बंदी.

इथे करिअर संपायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर संपलं असतं तरी कुणी अन्याय झाला म्हटलं नसतं. पण 1973 ची आशियाई चॅम्पियनशिप मनिलातच होती, घरच्या मैदानावर हरणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे बंदी उठली. फिलिपिन्स जिंकलं. आजन्म म्हणजे दोन वर्षं, आपल्याला पण हे गणित नवीन नाही.

मग 1975 ला कंपन्यांनी फेडरेशनशी फारकत घेऊन स्वतःची लीग काढली, पीबीए, आशियातली पहिली प्रो बास्केटबॉल लीग. पहिली मॅच 9 एप्रिलला अरानेटा कोलिझियममध्ये, त्याच वर्षी त्याच हॉलमध्ये अली-फ्रेझरची फाइट झाली. जावोर्स्की तेव्हा 29 चा आणि टोयोटाकडे. समोर क्रिस्पा, आणि क्रिस्पाचा कोच कोण तर डालुपान. टोयोटा-क्रिस्पा म्हणजे घरात दोन भाऊ दोन टीमचे असले तर जेवताना बोलणं बंद अशी परिस्थिती. 1977 मध्ये एका मॅचनंतर दोन्ही टीममध्ये इतकी हाणामारी झाली की मार्शल लॉ चालू असल्याने लष्कराने खेळाडूंनाच उचलून फोर्ट बोनिफासिओ या लष्करी तळावर नेऊन कोंडलं. दुसऱ्या वर्षी, 1978 ला, जावोर्स्की लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू.

कंपनीच्या टीमचा एक तोटा असतो, कंपनीला कंटाळा आला की टीम विक्रीला. 1984 च्या सुरुवातीला टोयोटाने गाशा गुंडाळला आणि खेळाडू नव्या मालकाकडे निघाले. सामानासकट विकल्यासारखं जाणार नाही म्हणून जावोर्स्की आणि फ्रान्सिस आर्नाइझ अडून बसले आणि शेवटी गिल्बीज जिन नावाच्या, तोवर एकही टायटल न जिंकलेल्या टीममध्ये गेले. टोयोटाचा दुसरा स्टार रामोन फर्नांडिस मात्र नव्या मालकाकडे गेला आणि दोघांचं जे बिनसलं ते वर्षानुवर्षं. गिल्बीजचं नाव लवकरच जिनेब्रा झालं, जिनेब्रा म्हणजे तिकडची स्वस्तातली जिन, आणि 1985 मध्ये जावोर्स्की तिथे प्लेइंग कोच झाला.

आता ती मॅच, जिच्यावरून जिनेब्राचं वेड सुरू झालं. 22 ऑक्टोबर 1985, समोर एनसीसी (नॉर्दर्न सिमेंट, आपली एनसीसी नव्हे), म्हणजे सरकारच्या लाडातली नॅशनल टीम, त्यात नागरिकत्व दिलेले अमेरिकन. त्यातल्याच जेफ मूरचं कोपर जावोर्स्कीच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. त्याला हॉस्पिटलला नेलं, नऊ टाके घातले. इकडे टीम मागे पडत चाललेली. आणि शेवटच्या टप्प्यात हा 39 वर्षांचा माणूस सुजलेलं तोंड घेऊन परत आला, हॉलमध्ये जो आवाज झाला असेल त्याची कल्पना करा, आणि जिनेब्राने ती मॅच काढली. 'नेव्हर से डाय' हे जे जिनेब्राला कायमचं चिकटलं ते इथूनच असं लोक सांगतात. जीपनी (तिकडच्या शेअर जीपगाड्या) चालवणारे, हमाल, घरकामवाल्या बायका, सगळे या टीमचे झाले, कारण ती आधी मार खायची आणि मग उठायची. माझं मत विचाराल तर शूटिंगमध्ये त्याच्यापेक्षा चांगले त्या काळात बरेच होते, लोकांनी खेळ पाहिला नाही, हट्ट पाहिला.

1986 ला पहिलं टायटल आलं, बिली रे बेट्स आणि मायकेल हॅकेट हे दोन अमेरिकन घेऊन. 1990 ला शेल या तेल कंपनीच्या टीमविरुद्धच्या फायनलमध्ये रेफ्रींवर चिडून त्याने अख्खी टीमच कोर्टाबाहेर काढली, साडेपाच लाख पेसो दंड बसला (1971 चा माणूस कुठे जातोय). पुढच्याच वर्षी त्याच शेलविरुद्ध सात मॅचच्या फायनलमध्ये 1-3 ने मागे असताना ती 4-3 ने जिंकली.

फर्नांडिसचं राहिलं. 1989 च्या ऑल-स्टार मॅचला, म्हणजे लीगमधले निवडक खेळाडू आपापसात खेळतात त्या मॅचला, दोघं एकाच टीममध्ये आले आणि कोच, अर्थात, डालुपान. शेवटचे काही सेकंद, स्कोअर बरोबरीत, बॉल आत टाकायला जावोर्स्की उभा. त्याने पास दिला तो फर्नांडिसलाच, त्याने बास्केट केली, 132-130. मग डालुपानने दोघांना हात मिळवायला लावले.

1998 ला तो निवडणूक लढवून सिनेटर झाला आणि त्याच वर्षी जिनेब्रा सोडली. 5,825 असिस्टचा (ज्या पासवर सहकाऱ्याने बास्केट केली ते पास) पीबीए रेकॉर्ड त्याच्या नावावर आहे. जुलै 2012 मध्ये अरानेटात त्याचा सात नंबर कायमचा निवृत्त केला, आता जिनेब्रात तो कुणाला मिळत नाही. बोसनच्या जर्सीवरचा सात तर अर्धा निघालेला होता, लांबून एक वाटायचा.