रूथचे पुस्तक

रूथचे पुस्तक : हिब्रू बायबलमधील चार अध्यायांचा व ८५ वचनांचा एक लहान कथाग्रंथ. मवाब देशातील विधवा रूथ, तिची बेथलेहेमची सासू नामी आणि त्याच गावचा सधन शेतकरी बवाज यांची ही कथा आहे. श्रद्धा आणि करुणा यांविषयीचा बोध घेण्यासाठी यहुदी व ख्रिस्ती या दोन्ही परंपरा तिच्याकडे पुनःपुन्हा वळलेल्या दिसतात. निवेदनापेक्षा संवादाला तीत अधिक जागा आहे. चमत्कार, भविष्यवाणी किंवा देवदूत यांपैकी काहीही तीत नाही. देवाने स्वतः काही केल्याचे निवेदक फक्त दोनदा सांगतो : दुष्काळानंतर त्याने आपल्या लोकांना अन्न दिले (१:६) आणि रूथला गर्भधारणा होऊ दिली (४:१३). या दोन विधानांच्या मधल्या साऱ्या घडामोडी माणसांच्या वागण्यातून पुढे सरकतात, आणि ग्रंथाचे वेगळेपण प्रामुख्याने यातच आहे.

शास्त्यांच्या, म्हणजे राजेशाहीपूर्वी इस्राएलाचे नेतृत्व करणाऱ्या पुढाऱ्यांच्या, काळात दुष्काळ पडल्यामुळे अलीमलेख आपली पत्नी नामी व महलोन आणि खिल्योन हे मुलगे यांना घेऊन मवाबात जातो. तेथे तो व त्याचे दोन्ही मुलगे मरण पावतात. नामी परत निघते तेव्हा एक सून अर्पा माहेरी परतते, तर दुसरी सून रूथ सासूसोबत बेथलेहेमला येते. तेथे ती बवाजाच्या शेतात सरवा वेचते व पुढे त्याच्याशी तिचा विवाह होतो. त्यांचा मुलगा ओबेद हा दावीद राजाचा आजोबा होय.

या कथेतून नेमका कोणता बोध घ्यावयाचा, हा प्रश्न पूर्वसूरींनाही पडला होता. ‘रूथ रब्बा’ या मिद्राश-संग्रहात, म्हणजे या पुस्तकावरील प्राचीन यहुदी भाष्यांच्या संग्रहात (२:१४), रब्बी (यहुदी धर्मपंडित) झेइरा यांचे एक मत नोंदलेले आहे. या ग्रंथात शुद्धाशुद्धतेचे किंवा विधिनिषेधाचे काहीच नाही, मग तो लिहिला तरी कशासाठी, असा प्रश्न ते विचारतात. आणि ‘हेसेद’ (ढोबळमानाने निष्ठापूर्ण दया) आचरणाऱ्यांना केवढे फळ मिळते हे शिकवण्यासाठी, असे त्याचे उत्तर देतात. ‘हेसेद’ ही संज्ञा ग्रंथात तीन ठिकाणी येते. सुनांना निरोप देताना नामी ती वापरते (१:८), बवाजाविषयी ऐकल्यावर पुन्हा वापरते (२:२०) आणि बवाज रूथच्या वागण्याला उद्देशून वापरतो (३:१०). तिच्या अर्थाविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. नेल्सन ग्लूक यांनी १९२७ मधील आपल्या जर्मन प्रबंधात हेसेद म्हणजे करारबद्ध नात्यातील परस्परांचे कर्तव्य, असे प्रतिपादन केले. कॅथरिन डूब साकेनफेल्ड यांनी १९७८ मध्ये या मताला मुरड घातली. नाते असते हे खरे, पण मदत करू शकणाऱ्या व्यक्तीला नकार देण्याचीही मोकळीक असते, आणि तशी असूनही ती अडचणीतल्या माणसाच्या पाठीशी उभी राहते, हे त्यांच्या मते निर्णायक आहे. रूथच्या कथेला हा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. नामीने सुनांना तीन वेळा मागे फिरायला सांगितले असल्याने (१:८, ११, १२) रूथवर कोणतेच बंधन उरलेले नव्हते. ग्रंथ अर्पाला दोष देत नाही, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. तिला दावीदाने मारलेल्या गल्याथ या योद्ध्याची पूर्वज ठरविणारी आख्यायिका तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात आढळते (सोटा ४२ ब), परंतु ती नंतरची असून मूळ कथेत तिला कसलाही आधार नाही.

करुणेचे चित्रण सर्वांत बारकाईने दुसऱ्या अध्यायात आले आहे. कापणीच्या वेळी शेताचा कोपरा कापू नये आणि खाली पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावीत, असा तोराचा (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतील धर्मशास्त्राचा) नियम आहे (लेवीय १९:९-१०, २३:२२). शेतात विसरलेली पेंढी परका, पोरका आणि विधवा यांची होय, असे तोरातीलच ‘अनुवाद’ या पुस्तकातील वचन (२४:१९) सांगते. मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहाच्या ‘पेआ’ या प्रकरणात या नियमांची मोजमापे ठरविलेली आहेत. कोपरा शेताच्या साठाव्या हिश्शाहून कमी नसावा (१:२), आणि हिल्लेल या धर्मपंडिताच्या शाखेच्या मते एका जागी दोन कणसे पडली तर तो सरवा, तीन पडली तर ती मालकाची (६:५). रूथ दोन कणसे उचलीत असे, तीन पडलेली असल्यास उचलीत नसे, आणि हे पाहूनच बवाजाने तिची चौकशी केली, असे तालमूद सांगतो (शब्बात ११३ ब). ही मोजमापे कथेच्या काळातील नाहीत. तथापि बवाज नियमाच्या किती पुढे जातो हे त्यांच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसते. गड्यांनी भरून ठेवलेले पाणी पिण्याची तो रूथला मुभा देतो. जेवणाच्या वेळी तिला जवळ बोलावून भाकर सिरक्यात बुडवून खायला सांगतो आणि भाजलेले धान्य तिला स्वतःच्या हाताने देतो. तिला पेंढ्यांच्या मध्येही वेचू द्यावे, पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम ओढून टाकावीत आणि तिला रागावू नये, अशी ताकीदही तो गड्यांना देतो (२:१४-१६). रूथला आपण दान घेत आहोत असे वाटणार नाही, तिच्या कष्टाचेच ते फळ दिसेल, अशी ही योजना आहे. संध्याकाळी तिने झोडपलेले सातू सुमारे एक एफा भरले. एफा हे माप सामान्यतः २२ लिटरांच्या आसपास धरतात, पण अंदाजांत बराच फरक आहे. काहीही धरले तरी एका दिवसाच्या सरव्याच्या मानाने ते फार मोठे ठरते. दुपारी पोटभर खाऊन उरलेले धान्यही तिने नामीसाठी राखून ठेवले होते (२:१८).

श्रद्धेविषयीचा बोध याहून नाजूक आहे. तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आली आहेस, तो तुला पूर्ण प्रतिफळ देवो, असा आशीर्वाद बवाज रूथला देतो (२:१२). पुढे खळ्यावर मध्यरात्री रूथ त्याला आपल्यावर ‘कानाफ’ पसरावयास सांगते (३:९). ‘कानाफ’ म्हणजे पंख, तसेच वस्त्राचा पदरही. देवाच्या नावे दिलेल्या आशीर्वादाची पूर्तता रूथ अशा रीतीने आशीर्वाद देणाऱ्याकडेच मागते. ग्रंथकाराला अभिप्रेत असलेले श्रद्धा व करुणा यांचे नाते या एका प्रसंगात इतरत्र कुठेही नाही इतके घट्ट झाले आहे. नामीची श्रद्धा वेगळ्या प्रकारची आहे. मला नामी म्हणू नका, मारा (कडवट) म्हणा, सर्वसमर्थाने माझे जीवन फार क्लेशमय केले आहे, असे ती गावातील स्त्रियांना सांगते (१:२०-२१). तिच्या या तक्रारीबद्दल तिला कोणी बोल लावत नाही आणि निवेदकही तिचे समर्थन किंवा खंडन करीत नाही. शेवटी त्याच स्त्रिया तिला सांगतात की सात मुलांहून अधिक अशी तुझी सून आहे (४:१५). अलीमलेखाने दुष्काळात देश सोडला म्हणून त्याला शासन झाले, असे रब्बींचे मत आहे (बाबा बात्रा ९१ अ). मूळ ग्रंथ मात्र मृत्यूचे कारण सांगत नाही.

चौथ्या अध्यायातील कायदेशीर व्यवहार हा अभ्यासकांच्या दीर्घ वादाचा विषय आहे. त्यात दोन प्रथा एकत्र आलेल्या दिसतात. भाऊबंदाने गरिबीमुळे विकलेले वतन जवळच्या नातलगाने, म्हणजे ‘गोएल’ने, सोडवावे, ही पहिली (लेवीय २५:२५). निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी एकत्र राहणाऱ्या दिराने विवाह करून त्याचा वंश चालवावा, ही दुसरी (अनुवाद २५:५-१०). बवाज रूथचा दीर नाही आणि गोएलवर विवाहाची सक्ती असल्याचे तोरात कोठेही म्हटलेले नाही. मग वतनाबरोबर रूथचा प्रश्न कसा जोडला गेला? याचे उत्तर काही अंशी ४:५ मधील एका क्रियापदावर अवलंबून आहे. वाचनपरंपरेनुसार (केरे) बवाज आपल्याहून जवळच्या दुसऱ्या नातलगाला म्हणतो, की नामीचे शेत घेशील त्या दिवशी रूथलाही ‘तू घेशील’. लिखित पाठानुसार (केतीव) मात्र तो म्हणतो, की रूथला ‘मी घेतो’. पहिला पाठ स्वीकारल्यास विवाह ही वतनाबरोबर येणारी जबाबदारी ठरते. दुसरा स्वीकारल्यास बवाज ती स्वतःहून अंगावर घेतो आणि जन्मणारा मुलगा पुढे वतनावर हक्क सांगेल, या भीतीने नातलग माघार घेतो. प्राचीन भाषांतरे व बहुसंख्य भाष्यकार पहिल्या पाठाच्या बाजूने आहेत. दुसऱ्याचे समर्थक थोडे असले तरी कायद्यातील विसंगती त्यामुळे पुष्कळशी दूर होते, आणि नियमाने बांधलेले नसताना केलेले कृत्य या ग्रंथाच्या एकूण प्रवृत्तीशीही तो पाठ जुळतो. जोडा काढण्याचा विधीही अनुवादातील विधीहून भिन्न आहे. तेथे विधवा नकार देणाऱ्याच्या पायातील जोडा काढून त्याच्या तोंडावर थुंकते; येथे नातलग स्वतःच जोडा काढतो व कोणाचीही मानहानी होत नाही.

ग्रंथाचा कर्ता अज्ञात आहे. तो शमुवेल संदेष्ट्याने लिहिला असे तालमूद म्हणतो (बाबा बात्रा १४ ब), पण आधुनिक अभ्यासक ते मान्य करीत नाहीत. काळाबाबत दोन मुख्य मते आहेत. एडवर्ड कॅम्पबेल यांच्यासारखे अभ्यासक तो राजेशाहीच्या काळातील, म्हणजे ढोबळमानाने इ. स. पू. दहावे ते आठवे शतक या दरम्यानचा मानतात. शैलीचे प्राचीन गद्यकथांशी असलेले साम्य, दावीदाच्या घराण्याविषयीची आस्था आणि बवाज व नामी यांच्या तोंडची काही जुनी व्याकरणिक रूपे हे त्यांचे आधार होत. दुसऱ्या मताप्रमाणे ग्रंथ बॅबिलोनच्या हद्दपारीनंतरचा, बहुधा इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील आहे. १:१३ मधील ‘लाहेन’ यासारखे अरामी वळणाचे शब्द, जोड्याची प्रथा ‘पूर्वी इस्राएलात’ होती असे स्पष्टीकरण देण्याची पडलेली गरज (४:७) आणि पेरेसपासून दावीदापर्यंतची दहा पिढ्यांची वंशावळ (४:१८-२२) ही त्याची प्रमुख प्रमाणे. यांपैकी वंशावळ मागाहून जोडलेली असू शकते आणि जुनी रूपे मुद्दाम वापरलेलीही असू शकतात, त्यामुळे एकटे असे कोणतेच प्रमाण निर्णायक नाही. मृत समुद्राजवळील कुमरानला या ग्रंथाच्या चार हस्तलिखितांचे तुकडे मिळाले, परंतु रचनाकाळाच्या दृष्टीने ते फार उशिराचे आहेत. एकंदरीत दुसऱ्या मताकडे कल झुकतो.

हद्दपारीनंतरचे यहुदी पुढारी एज्रा व नहेम्या यांनी परकीय स्त्रियांशी झालेल्या विवाहांविरुद्ध चालविलेल्या मोहिमेचा (एज्रा ९-१०, नहेम्या १३) निषेध म्हणून हा ग्रंथ लिहिला गेला, असेही एक मत लोकप्रिय आहे. परंतु ग्रंथाचा सूर वादाचा नाही, म्हणून ते जपूनच स्वीकारले पाहिजे. रूथच्या परकेपणाची जाणीव मात्र ग्रंथ पुसू देत नाही. ‘मवाबी रूथ’ असा उल्लेख तो पाच वेळा करतो. अम्मोनी व मवाबी यांना परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असा अनुवाद २३:३-६ चा आदेश आहे आणि मिसरातून येणाऱ्या इस्राएलांना त्यांनी अन्नपाणी दिले नाही, हे त्याचे एक कारण दिलेले आहे. मिश्नाने हा निषेध पुरुषांपुरता मर्यादित केला (येवामोत ८:३). वाटसरूंना सामोरे जाऊन अन्नपाणी देणे ही पुरुषांची रीत होती, स्त्रियांची नव्हे, असा त्याचा खुलासा तालमूद देतो (येवामोत ७६ ब-७७ अ). दावीदाच्या कुळाची वैधता या निर्णयावर अवलंबून असल्याने ही चर्चा तेथे बरीच विस्ताराने आली आहे. तू जाशील तेथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक व तुझा देव तो माझा देव, या रूथच्या प्रसिद्ध वचनांतून (१:१६-१७) रब्बींनी धर्मांतरितासाठीच्या संवादाचा नमुना घडविला (येवामोत ४७ ब). नामीच्या तीन वेळच्या नकारावरून धर्मांतरेच्छूला तीनदा परतवावे, पण अधिक आग्रह धरल्यास स्वीकारावे, असा दंडक काढण्यात आला (रूथ रब्बा २:१६).

ग्रंथाच्या स्थानानुसारही बोध बदलतो. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात, आणि त्यावरून ख्रिस्ती बायबलांत, तो शास्ते या पुस्तकानंतर येतो. त्या पुस्तकाच्या अखेरीस बेथलेहेमच्याच एका स्त्रीवर झालेल्या भीषण अत्याचाराची हकीकत आहे (शास्ते १९). तिच्यामागोमाग वाचताना परक्या स्त्रीला सुरक्षित ठेवणारे बेथलेहेम अधिकच उठून दिसते. हिब्रू परंपरेत तो ‘केतुवीम’ (लेख) या विभागात असून लेनिनग्राड हस्तलिखितात, म्हणजे हिब्रू बायबलच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितात, नीतिसूत्रांच्या लगेच नंतर येतो. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे ‘एशेत हायिल’ हेच बिरुद बवाज रूथला देतो (३:११), त्यामुळे या क्रमात रूथ त्या वर्णनाचे उदाहरण ठरते. शावुओत या कापणीच्या सणाला हा ग्रंथ वाचण्याचा उल्लेख तालमूदोत्तर ‘सोफेरीम’ या ग्रंथात आहे. हंगामाशी असलेला संबंध, तोराचा स्वीकार आणि दावीद याच सणाला वारला अशी परंपरा, अशी त्याची कारणे देण्यात येतात.

ख्रिस्ती परंपरेत मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत रूथचा उल्लेख असल्याने (मत्तय १:५) परराष्ट्रीयांच्या समावेशाची खूण म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. अलीकडील स्त्रीवादी अभ्यासकांनी दोन निराधार स्त्रियांच्या धडपडीवर भर दिला आहे, तर वसाहतोत्तर दृष्टीने लिहिणाऱ्यांनी आपले लोक व दैवत न सोडणाऱ्या अर्पाकडे लक्ष वेधले आहे.

मराठीत हा ग्रंथ प्रामुख्याने मिशनरींच्या बायबल भाषांतरांतून आला. पंडिता रमाबाई यांनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर (१९२२) केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले. मराठीभाषक बेने इस्राएल समाजासाठी जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.