ऑस्ट्रेलियातील तात्पुरता कुशल कामगार व्हिसा आणि कंपनीची स्पॉन्सरशिप

परदेशातला कुशल कामगार ठरावीक मुदतीसाठी ऑस्ट्रेलियात नोकरीला आणायचा असेल, तर त्याला बोलावणाऱ्या कंपनीला आधी सरकारची मान्यता मिळवावी लागते. ही मान्यता आणि तिच्यासोबत अंगावर येणाऱ्या जबाबदाऱ्या मिळून स्पॉन्सरशिप होते. सध्या ही व्यवस्था ‘स्किल्स इन डिमांड’ या व्हिसासाठी चालते. त्याचा उपवर्ग क्रमांक ४८२ असल्यामुळे बोलताना लोक ‘फोर एट टू’ एवढेच म्हणतात. हा व्हिसा जास्तीत जास्त ४ वर्षांचा असतो. हाँगकाँगच्या पासपोर्टवर ५ वर्षे मिळू शकतात. १९५८ चा मायग्रेशन ॲक्ट आणि १९९४ चे मायग्रेशन नियम हा त्याचा कायदेशीर पाया.

व्हिसाचा शिक्का कामगाराच्या नावावर पडतो, पण परीक्षेचा मोठा भाग कंपनी देते. पात्रता, अनुभव आणि इंग्रजी तिसऱ्या टप्प्यावर तपासले जातात. आधीचे दोन टप्पे कंपनीचे. या अटींमागे दोन हेतू आहेत. बाहेरून आणलेला माणूस स्थानिक माणसापेक्षा स्वस्त पडू नये आणि त्याच्या अडचणीचा कुणाला फायदा घेता येऊ नये. पहिला हेतू बराचसा साधला आहे. दुसऱ्यासाठी कायद्याला जवळपास तीस वर्षे धडपडावे लागले.

पूर्वपीठिका

जॉन हॉवर्ड यांच्या सरकारच्या काळात, १९९६ साली, ४५७ क्रमांकाचा व्हिसा सुरू झाला. कंपन्यांना हवी ती माणसे लवकर मिळावीत हा त्याचा उद्देश. खाणी, बांधकाम, रुग्णालये, हॉटेले अशा अनेक क्षेत्रांत त्याचा वापर वाढत गेला, आणि कमी पगार, पगारातली कापाकापी, व्हिसाची धमकी यांच्या तक्रारीही वाढल्या. २००८ साली बार्बरा डीगन यांनी या व्हिसाचा आढावा घेतला. त्याच वर्षी कामगार संरक्षणाचा दुरुस्ती कायदा झाला आणि सप्टेंबर २००९ पासून लागू झाला. स्पॉन्सरच्या जबाबदाऱ्या त्याने थेट कायद्यात आणल्या. त्याहून महत्त्वाचा बदल पगाराचा होता. तोपर्यंत सरकारने ठरवलेला किमान आकडा दिला की कंपनी सुटत असे. आता तेच काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याइतका पगार देणे भाग झाले.

आधी स्थानिक उमेदवार शोधण्याची अट २०१३ मध्ये परत आली. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी ४५७ बंद करण्याची घोषणा केली आणि १८ मार्च २०१८ रोजी त्याच्या जागी ‘टेम्पररी स्किल शॉर्टेज’ हा ४८२ क्रमांकाचा व्हिसा आला. मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०२३ साली सगळ्या स्थलांतर व्यवस्थेचा आढावा घेतला. त्यानंतरच्या धोरणातून ७ डिसेंबर २०२४ रोजी आजचा ‘स्किल्स इन डिमांड’ व्हिसा अमलात आला. क्रमांक मात्र ४८२ हाच राहिला, त्यामुळे जुनी माहिती नव्या व्हिसाची समजून वाचण्याचा घोळ अजून होतो.

कंपनीची मान्यता

पहिल्या टप्प्यात कंपनी ‘स्टँडर्ड बिझनेस स्पॉन्सर’ म्हणून मान्यता मागते. ती कायदेशीररीत्या स्थापन झालेली आणि प्रत्यक्ष व्यवसाय करत असलेली हवी, आणि तिच्याविरुद्ध प्रतिकूल माहिती नसावी. ऑस्ट्रेलियात शाखा उघडण्यासाठी किंवा तिथले कंत्राट पुरे करण्यासाठी माणसे पाठवणारी परदेशी कंपनीही स्पॉन्सर होऊ शकते. अर्जाची फी ४२० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि मान्यतेची मुदत ५ वर्षे. चांगला इतिहास असलेल्या कंपन्यांना त्यावरचा ‘अक्रेडिटेड’ दर्जा मिळतो आणि त्यांच्या अर्जांचा निकाल लवकर लागतो. मान्यता मिळवणे तसे अवघड नाही. खरी कसोटी पुढे आहे.

नॉमिनेशन

दुसऱ्या टप्प्यात कंपनी एका पदासाठी एका माणसाचे नाव पुढे करते. याची फी ३३० डॉलर. पद ‘कोअर स्किल्स’ यादीतल्या ४५६ व्यवसायांपैकी एखाद्याचे असावे लागते. पगार विशेष उत्पन्न मर्यादेइतका (१ जुलै २०२५ रोजी ती १,४१,२१० डॉलर झाली) किंवा जास्त असेल, तर यादीची गरज नाही. पण कारागीर, यंत्रचालक, वाहनचालक आणि मजूर या गटांना ही वाट बंद आहे. यादीबाहेरची गरज असलेल्या उद्योगांना सरकारशी स्वतंत्र कामगार करार करता येतो. कामगार पुरवठादार कंपन्याही सहसा अशा करारातूनच येतात, कारण साध्या स्पॉन्सरशिपवर आणलेला माणूस दुसऱ्याच्या आस्थापनेत कामाला लावता येत नाही. डॉक्टरांसारखे काही व्यवसाय याला अपवाद आहेत.

पद पूर्णवेळ असावे आणि खरे असावे. ‘खरे’ या एका शब्दावर बरेच अर्ज अडतात. चार माणसांच्या दुकानाने मार्केटिंग मॅनेजर मागितला, तर अधिकारी विचारतात की आजवर हे काम कोण करत होते, या पदाच्या हाताखाली कोण असेल आणि दुकानाच्या उलाढालीला हा पगार झेपतो का. यादीत बसावे म्हणून काउंटरवरच्या माणसाला मॅनेजर म्हणणे ही इथली नेहमीची पळवाट. त्यामुळे पदनामापेक्षा रोजच्या कामाचे वर्णन आणि कंपनीची रचना जास्त बारकाईने वाचली जाते.

नॉमिनेशनआधी कंपनीने ऑस्ट्रेलियातच माणूस शोधून पाहिलेला असावा. त्यासाठी किमान २८ दिवस चाललेल्या जाहिरातींचा पुरावा लागतो. जाहिरातीत पदाचे नाव किंवा वर्णन, लागणारे कौशल्य किंवा अनुभव, कंपनीचे किंवा भरती एजन्सीचे नाव आणि पगार ९६,४०० डॉलरपेक्षा कमी असेल तर पगाराचा आकडा, एवढे असायलाच हवे. कंपनीने आपल्या सोशल मीडिया पानावर टाकलेली पोस्ट धरली जात नाही. जाहिरात देशभर पोहोचणाऱ्या माध्यमात हवी. काही व्यापार करारांमुळे ठरावीक देशांच्या नागरिकांना या अटीतून सूट आहे. अनेक कंपन्या आधी माणूस ठरवतात आणि मग नियमापुरती जाहिरात लावतात, ही टीका जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तपासला जातो, पण मुलाखतीला आलेल्या स्थानिक उमेदवाराला का नाकारले याची कारणे क्वचितच तपासली जातात.

पगाराचे दोन निकष

पगाराला दोन चाळण्या आहेत आणि दोन्हींतून जावे लागते. एक, त्याच ठिकाणी तेच काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाला मिळतो त्याहून कमी पगार नसावा. तसा सहकारीच नसेल तर उद्योगाचे वेतन करार, त्याच पदाच्या जाहिराती, पगारांची सर्वेक्षणे यांवरून बाजारभाव दाखवावा लागतो. दोन, पगार उत्पन्न मर्यादेच्या वर असावा. ‘कोअर स्किल्स’ गटासाठी ती १ जुलै २०२५ रोजी ७६,५१५ डॉलर झाली.

या दुसऱ्या आकड्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. २०१३ साली तो ५३,९०० डॉलर ठरला आणि पुढची दहा वर्षे तिथेच गोठला. देशातले पगार वाढत राहिले, मर्यादा तशीच राहिली, आणि कुशल म्हणून आणलेला माणूस सरासरी पगाराच्या बराच खाली ठेवणे नियमात बसू लागले. १ जुलै २०२३ रोजी ती एकदम ७०,००० झाली. आता ती दरवर्षी जुलैत सरासरी वेतनाच्या प्रमाणात वाढते. गोठलेला आकडा ही त्या दशकातली सर्वांत मोठी चूक होती, कारण तिच्यासाठी कुणाला नियम मोडावाच लागत नव्हता.

मर्यादा मोजताना फक्त हमी असलेली रक्कम धरतात. समजा करारात मूळ पगार ६८,००० डॉलर आहे, त्यात ‘अंदाजे’ ओव्हरटाइमचे ६,००० आणि कंपनीच्या खोलीचे ५,००० मिळवून ७९,००० दाखवले आहेत. वरवर हा आकडा २०२५ च्या मर्यादेच्या पुढे दिसतो, पण हमी नसलेला ओव्हरटाइम आणि रोख नसलेली सवलत वजा केली की ६८,००० उरतात आणि नॉमिनेशन नाकारले जाते. सुपरॲन्युएशन, म्हणजे मालकाने भरायची निवृत्ती निधीची रक्कम, यात मोजत नाहीत. ती वेगळी द्यावी लागते.

लेव्ही

२०१८ पूर्वी स्पॉन्सर कंपनीने पगारखर्चाचा काही हिस्सा स्थानिक कामगारांच्या प्रशिक्षणावर खर्च करायचा असे. तो खर्च खरोखर झाला की नाही हे तपासणे जिकिरीचे होते. ऑगस्ट २०१८ पासून त्याऐवजी ‘स्किलिंग ऑस्ट्रेलियन्स फंड’ची लेव्ही, म्हणजे स्थानिकांच्या प्रशिक्षणासाठी सरकारला भरायचे शुल्क, आली. वार्षिक उलाढाल १ कोटी डॉलरपेक्षा कमी असेल तर दर वर्षाला १,२०० आणि त्याहून मोठ्या कंपनीला १,८०० डॉलर. पूर्ण मुदतीची लेव्ही एकरकमी भरायची असल्यामुळे मोठ्या कंपनीला ४ वर्षांच्या एका नॉमिनेशनसाठी ७,२०० डॉलर आधीच मोजावे लागतात. व्हिसा मिळूनही माणूस रुजूच झाला नाही, तर परतावा मिळतो.

मान्यतेनंतरच्या जबाबदाऱ्या

कामगार रुजू झाला की कंपनीचे काम संपले असे मानणारे अडचणीत येतात. ठरलेले काम आणि ठरलेला पगार चालू ठेवणे, नोंदी जपणे, तपासनिसांना सहकार्य करणे, नोकरी संपली किंवा कंपनीची रचना बदलली तर २८ दिवसांत कळवणे, हे सगळे तिच्यावर बंधनकारक आहे. कामगाराने लेखी मागणी केली तर त्याचा आणि कुटुंबाचा मायदेशी परतीचा वाजवी प्रवासखर्च कंपनीने द्यायचा. तपासणी ऑस्ट्रेलियन बॉर्डर फोर्स (सीमा आणि व्हिसा नियमांची अंमलबजावणी करणारे दल) आणि फेअर वर्क ओम्बड्समन (पगार आणि कामगार हक्कांवर देखरेख ठेवणारे कार्यालय) या दोन्ही यंत्रणा करतात. कसूर झाली तर मान्यता रद्द होणे, नव्या नॉमिनेशनला बंदी, दंड आणि नाव जाहीर होणे इथपर्यंत कारवाई होते.

यातली सर्वांत जास्त मोडली जाणारी अट खर्चवसुलीची. स्पॉन्सरशिपची फी, नॉमिनेशनची फी, लेव्ही, भरतीचा खर्च आणि त्या कामासाठी नेमलेल्या एजंटचे पैसे कंपनीने कामगाराकडून कोणत्याही वाटेने वसूल करायचे नाहीत. पगाराच्या पावतीवर ‘प्रशासकीय कपात’, ‘ॲडव्हान्स परतफेड’ अशा नावांनी दर पंधरवड्याला काहीतरी कापले जात असेल, तर ते नेमके काय आहे हे विचारायलाच हवे. व्हिसाची स्वतःची फी मात्र कामगाराने भरली तर चालते.

पैसे घेऊन किंवा देऊन स्पॉन्सरशिप मिळवणे १४ डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे. मालकाला यासाठी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देणारा कामगारही सुटत नाही. त्याचा व्हिसा जाऊ शकतो आणि दंडही होतो. ‘अमुक रक्कम द्या, स्पॉन्सर मिळवून देतो’ असे सांगणारा मध्यस्थ ही दुसरी बाजू कधी बोलत नाही.

नोकरी सुटल्यावर

या व्हिसावरचा माणूस फक्त आपल्या स्पॉन्सरसाठी आणि फक्त ठरलेल्या व्यवसायात काम करू शकतो. म्हणजे नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारच डळमळतो. ४५७ च्या सुरुवातीच्या काळात नवा स्पॉन्सर शोधायला २८ दिवस मिळत. तेवढ्यात मुलाखती, नव्या कंपनीची मान्यता आणि नॉमिनेशन होणे जवळपास अशक्य होते, आणि हे मालकालाही ठाऊक असे. २०१३ मध्ये ही मुदत ९० दिवस झाली, नोव्हेंबर २०१६ मध्ये ६० वर आली. घरभाडे, मुलांच्या शाळा आणि व्हिसा असे तिन्ही ज्याच्या एका नोकरीला बांधलेले आहेत, तो कमी पगाराची तक्रार करणार नाही, हे कळायला चौकशी समितीची गरज नव्हती. तरीही बदल व्हायला १ जुलै २०२४ उजाडावा लागला. आता एका वेळी १८० आणि व्हिसाच्या सगळ्या मुदतीत मिळून ३६५ दिवस मिळतात, आणि त्या काळात दुसरीकडे, अगदी वेगळ्या व्यवसायातही, काम करता येते.

त्याच दिवशी आणखी एक कायदा लागू झाला. व्हिसाचा धाक दाखवून कामगाराला वाकवणे त्याने गुन्हा ठरवले. ‘तुझा व्हिसा रद्द करतो’ असे मालक म्हणतो तेव्हा त्याच्या हातात तो अधिकार मुळात नसतोच. नोकरी संपल्याचे कळवणे एवढेच तो करू शकतो. व्हिसा रद्द करण्याचा निर्णय सरकारी खात्याचा असतो.

कायम वास्तव्याची वाट

४८२ वरून कायम वास्तव्यासाठी बहुतेक जण १८६ क्रमांकाच्या व्हिसाकडे जातात. त्यासाठीही कंपनीचे नॉमिनेशन लागते. नोव्हेंबर २०२३ पासून ३ ऐवजी २ वर्षांचे काम पुरते. पूर्वी ही वर्षे नॉमिनेशन करणाऱ्या कंपनीकडेच भरावी लागत, म्हणून नोकरी बदलली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई आणि बरेच जण मुकाट्याने तिथेच थांबत. डिसेंबर २०२४ पासून कोणत्याही मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडे केलेले काम धरले जाते. २०२४ च्याच दुरुस्तीने मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची सार्वजनिक नोंदवहीही ठेवायला लावली आहे, त्यामुळे ऑफर हातात आल्यावर ती देणारी कंपनी खरोखर स्पॉन्सर आहे का, हे उमेदवाराला स्वतः पडताळून घेता येते.