ब्रूनोचा कान आणि सरकता जिना

रात्री अडीचच्या सुमारास खालच्या मजल्यावरून फट्-फट्-फट् असा आवाज येतो, कुणी ओलं फडकं झटकावं तसा. ते ब्रूनोचे कान. ब्रूनो पाच वर्षांचा लॅब्रेडोर. गेली तीन वर्षं आषाढ लागला की त्याचे कान खाजायला लागतात. डॉक्टर ड्रॉप्स देतात, आठवड्याभरात कान स्वच्छ होतो, उरलेली बाटली फ्रीजवर जाऊन बसते आणि महिन्याभरात पुन्हा फट्-फट्. यंदा खालच्या काकूंनी वैतागून मला मोबाइल दाखवला. 'खोबरेल तेलात लसूण तळा, कोमट करून रोज दोन थेंब कानात, आजार मुळापासून बरा.' खाली हात जोडल्याची तीन चित्रं.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्यामुळे 'मुळापासून' हा शब्द दिसला की माझा हात आपोआप सूक्ष्मदर्शकाकडे जातो.

आधी त्या कानाची रचना बघू. आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. कुत्र्याची ५ ते १० सेंटिमीटर, शिवाय ती आधी सरळ खाली उतरते आणि मग वळून आत पडद्याकडे जाते. ब्रूनोसारख्यांच्या बाबतीत वर कानाच्या पाळीचं झाकण. 'लोंबते कान म्हणून खाज' असं लोक म्हणतात ते इथूनच आलं. पण उभ्या कानांच्या जर्मन शेफर्डलाही हा त्रास होतो आणि लोंबत्या कानांची कित्येक कुत्री आयुष्यभर मजेत असतात. झाकणामुळे आतला दमटपणा वाढतो, त्रासाला हातभार लागतो. सुरुवात मात्र दुसरीकडे होते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. तुमच्या हाताच्या त्वचेवर रोज मृत पेशींचा कोंडा सुटतो. पेशी खालच्या थरात जन्मतात, वर सरकतात, गळून पडतात. कानाची नळी आतून त्वचेचीच आहे. तिथेही कोंडा नुसताच गळत राहिला असता तर नळी कधीच बुजली असती, कारण आत केरसुणी घेऊन कोण जाणार? म्हणून तिथली त्वचा वर सरकता सरकता आडवीही सरकते. पडद्यापासून निघून बाहेरच्या दिशेने, मॉलमधल्या सरकत्या जिन्यासारखी. संशोधकांनी कुत्र्यांच्या कानाच्या पडद्यावर शाईचे ठिपके ठेवले आणि काही दिवसांनी पुन्हा आत डोकावून पाहिलं, तर ठिपके जागचे हलले होते. वेग दिवसाला मिलिमीटरचा एक-दोन दशांश, म्हणजे साधारण आपलं नख वाढतं तितका. या जिन्यावर बसून मेण, धूळ, मेलेल्या पेशी आणि त्यांना चिकटलेले सूक्ष्मजीव आपसूक बाहेर येतात. निरोगी कान म्हणूनच उठसूट साफ करायचा नसतो. इअरबड तर घालायचाच नाही, जिन्याने महत्प्रयासाने वर आणलेला मळ आपण पुन्हा तळाशी कोंबतो.

हा जिना चालायला त्वचा पातळ आणि गुळगुळीत लागते. तिला सूज आली की पेशी घाईघाईने बनतात, थर जाड होतो, वळ्या पडतात, ग्रंथी फुगून जास्त स्राव सोडतात. जिना अडतो. आणि मग मॅलसेझिया या यीस्टची, म्हणजे एकपेशीय बुरशीची, चंगळ होते.

काकूंच्या समोरच ब्रूनोच्या कानातला तपकिरी मळ काचपट्टीवर लावला, रंगवला आणि हजारपट मोठा करून दाखवला. जांभळ्या रंगाच्या इवल्या इवल्या भुईमुगाच्या शेंगा, ढिगाने. ही मॅलसेझिया पॅकिडर्मॅटिस नावाची यीस्ट. एका टोकाला रुंद कळी फुटते म्हणून शेंगेचा आकार. नाव गंमतशीर आहे: 'पॅकिडर्म' म्हणजे जाड कातडीचा प्राणी. १९२५ साली वाइडमन नावाच्या अमेरिकी संशोधकाने ती पहिल्यांदा वर्णन केली, ती कातडी सोलवटणाऱ्या एका भारतीय गेंड्यावरून! निरोगी कुत्र्याच्या कानातही ती थोडीफार असतेच.

या यीस्टकडे फॅटी अ‍ॅसिड सिंथेजची जनुकं नाहीत. म्हणजे पेशीच्या आवरणाला लागणारी स्निग्धाम्लं ती स्वतः घडवू शकत नाही. त्यासाठी लायपेज नावाची विकरं सोडून ती आसपासच्या तेलकट पदार्थांतले ट्रायग्लिसराइड तोडते आणि सुटलेली स्निग्धाम्लं आत ओढून घेते. (इथे काकूंनी जांभई दिली.) थोडक्यात, तेलातूनच तिचं पोट भरतं, आणि आपण तिच्या दारात खोबरेल ओतायचं! लसणाचा रस काचेच्या ताटलीत बुरशी मारतो हे खरं आहे. पण सोललेल्या, सुजलेल्या कातडीवर तोच लसूण आग करतो, आणि पडदा फाटलेला असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं.

मग मूळ कुठे? पिल्लांच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला तर बहुधा माइट्स, म्हणजे गोचिडीच्या जातीचे अगदी बारीक जीव. मोठ्या कुत्र्यात पुन्हा पुन्हा दोन्ही कान खाजत असतील तर पहिला संशय अ‍ॅलर्जीवर. धुळीतले माइट्स, परागकण, कधी अन्न. ब्रूनो पुढचे पंजे चाटत बसतो, त्यामुळे तिथले केस तांबूस झालेत. काकूंना ती त्याची 'सवय' वाटत होती. ड्रॉप्सने यीस्ट मरते, सूज तात्पुरती उतरते, अ‍ॅलर्जी आहे तिथेच राहते. बाटली फ्रीजवर गेली की पुन्हा सूज, पुन्हा जिना बंद, पुन्हा शेंगा.

केस किंवा लाळ पाठवून घरबसल्या अ‍ॅलर्जी ओळखण्याचे महागडे किट विकतात. २०१९ च्या एका अभ्यासात अशा तपासणीला कृत्रिम फर आणि नुसतं सलाइनही पाठवलं होतं. खऱ्या कुत्र्यांचे निकाल त्या खोट्या नमुन्यांपासून वेगळे ओळखता आले नाहीत. अन्नाची शंका असेल तर किमान ८ आठवडे पथ्याचं अन्न देऊन पाहणं, हाच भरवशाचा मार्ग. त्या काळात पोळीचा तुकडासुद्धा नाही. (काकूंच्या सासूबाईंना हे कोण सांगणार?)

फ्रीजवरची जुनी बाटली मात्र यंदा डॉक्टरांनी टाकायला लावली. आधी पडदा शाबूत आहे का ते पाहिलं, कारण काही ड्रॉप्स मधल्या कानात पोचले तर बहिरेपण येऊ शकतं. मग मळाची तपासणी, नेमके ड्रॉप्स ठरलेले दिवस पूर्ण, सूज उतरल्यावरही आठवड्यातून दोनदा सौम्य स्टिरॉइड, आणि दर रविवारी कान धुण्याचं द्रावण.

ते काम आता काकू सराईतपणे करतात. नळी भरेपर्यंत द्रावण ओतायचं, कानाच्या बुडाशी बोटांनी चोळायचं, आतून चुळुक-चुळुक आवाज आला पाहिजे. मग हात काढून तीन पावलं मागे सरायचं. काकू पहिल्या रविवारी सरल्या नव्हत्या. बैठकीच्या पांढऱ्या भिंतीवरचे तपकिरी ठिपके त्या दिवशीचे आहेत.