एनबीएम (ऑपरेशनआधी उपाशी राहणं)

एनबीएम म्हणजे 'निल बाय माउथ', तोंडावाटे काही नाही. भूल देऊन ऑपरेशन करायचं असेल तर त्याआधी ठराविक तास पेशंटला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, ही पद्धत. वॉर्डात कॉटच्या पायथ्याशी या तीन अक्षरांची पाटी लटकवतात, सिस्टर आल्या की पहिला प्रश्न "काही खाल्लं नाही ना?", आणि नातेवाईकांना आदल्या रात्रीच दम दिलेला असतो की बारानंतर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. यातलं खाण्याचं अजूनही बरोबर आहे. पाण्याचं मात्र गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनाने मोडीत काढलंय, तरी पाटी आहे तिथेच आहे.

मुळात भीती कशाची? जागेपणी घास चुकीच्या नळीत गेला तर आपल्याला जोरदार ठसका लागतो. भूल दिली की हा ठसकाच जातो, शिवाय जठराच्या तोंडाची झडप ढिली पडते, मग पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं. याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. घन अन्न असेल तर नळी बुजते, आंबट पाणी असेल तर फुफ्फुस भाजून निघतं. असं क्वचित होतं, पण झालं तर वाईट होतं. ब्रिटनच्या २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत भुलेच्या वेळी श्वासमार्गाच्या अडचणींमुळे जे मृत्यू झाले त्यात अ‍ॅस्पिरेशन हे सगळ्यात मोठं कारण निघालं.

हे नीट मांडलं ते न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये. ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी चाळून त्यांना अ‍ॅस्पिरेशनच्या ६६ केसेस सापडल्या, त्यातल्या दोन बायका दगावल्या आणि दोघीही घन अन्नाने गुदमरून, आंबट पाण्याने नाही. त्या काळी बाळंतिणींना मास्कने गॅस द्यायचे, घशात नळी नसायचीच, म्हणजे परिस्थिती आजच्यापेक्षा पार वेगळी. पण पुढे नियम झाला तो सरसकट, पोळी असो की पाणी, रात्री बारानंतर सगळंच बंद. गंमत म्हणजे ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की पोटात घन काही नको, पण दोनेक तास आधी कपभर चहा दिलेला बराच. म्हणजे शहाणपण आधीच होतं, मधे कुठेतरी हरवलं.

जठर पाणी आणि जेवण एकाच हिशोबाने रिकामं करत नाही, सगळी मेख इथे आहे. साधं पाणी दहा-वीस मिनिटांत निम्मं पुढे सरकतं. जेवण आधी काही वेळ नुसतं घुसळलं जातं, मग हळूहळू पुढे जातं, तुपातेलाचं असेल तर अजूनच सावकाश. आणि पोट स्वतः आम्ल सोडतच असतं, त्यामुळे बारा तास कोरडं राहिलेल्याचं पोट रिकामं असतंच असं नाही. कॅनडातल्या रॉजर मॉल्टबी यांनी १९८६ मध्ये पेशंटना ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी १५० मिली पाणी पाजलं, तर पाणी प्यायलेल्यांच्या पोटात उपाशांपेक्षा कमी द्रव निघाला. यानंतर गाडी हलली: नॉर्वेने १९९३ मध्ये नियम बदलला, अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्सने १९९९ मध्ये. तो हिशोब असा, की पाणी आणि त्यासारखे पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, इतर दूध किंवा हलका नाश्ता सहा तास, तळलेलं-तुपकट आठ तास.

पारदर्शक म्हणजे काय यावर आपल्याकडे फार घोळ होतो. कोरा चहा चालतो. दूध घातलेला चहा म्हटला की भूलतज्ज्ञांत मतं वेगळी. युरोपातल्या २०११ च्या सूचनांत कपाच्या पाचव्या हिश्शापर्यंत दूध असेल तर तो पारदर्शकच धरा असं बहुतेकांचं मत होतं, पण आपला चहा म्हणजे निम्मं दूधच, त्यामुळे ती सूट आपल्याला लागू नाही. ताक नाही, पेज नाही, गाळलेला सफरचंदाचा रस चालतो. आणि मराठी घरात अजून एक खास धोका: 'उपाशी' आणि 'उपास' यातला फरक. आमच्या एका मावशीला सांगितलं होतं "सकाळी उपास ठेवून या", ती बिचारी साबुदाण्याची खिचडी खाऊन आली, वर दाण्याचं कूट आणि साजूक तूप, म्हणजे थेट आठ तासवाल्या गटात. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं आणि घरचे मावशीलाच बोलले. चूक तिची नव्हती हो, शब्द चुकीचा वापरला होता.

मग दोन तासांचा नियम असूनही लोक दहा-बारा तास तहानलेले का राहतात? कारण ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची लिस्ट. सकाळी नऊची केस अडीचला लागते, आधीची लांबते, मधे इमर्जन्सी घुसते, आणि वॉर्डातल्या माणसाला नंबर कधी येईल ते माहीत नसतं म्हणून सगळ्यांनाच रात्रीपासून बंद. डोकं दुखतं, लहान मुलं रडून हैराण, म्हाताऱ्यांचं बीपी भूल देताच धाडकन खाली, शीर सापडत नाही ते वेगळंच.

म्हणून हल्लीचं काम घोट-घोट पाण्यावर चाललंय. स्कॉटलंडमध्ये डंडीला 'सिप टिल सेंड' सुरू झालं, पेशंटला ओटीत बोलावेपर्यंत तासाला साधारण एक पेला पाणी घोट घोट चालू. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या हॉस्पिटलने अशीच मोकळीक दिली आणि २०२३ मध्ये ७० हजारांहून जास्त पेशंटचा हिशोब मांडला, तहान कमी, उलट्या थोड्या कमी, अ‍ॅस्पिरेशन १० हजारांमागे १.७ वरून २.४. हा आकडा वाढलाय हे खरं, पण मुळात इतका छोटा की त्यावरून ठाम काही बोलता येत नाही, आणि भूलतज्ज्ञांचे वाद नेमके यावरच चालतात. मुलांमध्ये स्वीडनच्या उप्सालात १० हजार केसेसमध्ये बोलावेपर्यंत पाणी दिलं, अ‍ॅस्पिरेशन झालं तीन मुलांना. यानंतर ब्रिटन आणि युरोपने मुलांसाठी पाण्याची वेळ एक तासावर आणली, अमेरिकेने २०२३ मध्ये दोन तासच ठेवले. ऑपरेशनआधी देतात त्या गोड कार्बोहायड्रेट पेयाचा मात्र बोलबाला जास्त झाला असं माझं मत, साध्या पाण्याशी तुलना केली की फायदा जेमतेम उरतो.

हे सगळं ज्यांचं जठर धड चालतं त्यांच्यासाठी. अपघातात जठर जवळपास थांबतं, म्हणून तिथे शेवटच्या जेवणापासून अपघातापर्यंत किती वेळ गेला ते बघतात. जुना डायबेटिस, आतड्याचा अडथळा, बाळंतपणाच्या कळा, इथेही घड्याळावर भरवसा नाही. आणि आता वजन कमी करायची इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही औषधं जठर मंदावतात, कधी कधी रात्रभर उपाशी माणसाच्या पोटातही जेवण सापडतं. अमेरिकेत जून २०२३ मध्ये सांगितलं की आठवड्याचं इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच संस्थांनी मिळून ते सैल केलं, बहुतेकांनी चालू ठेवा, ज्यांना मळमळ-उलट्या आहेत किंवा डोस नुकताच वाढलाय त्यांनी आदले २४ तास फक्त पातळ आहारावर राहा. टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ पासून मिळतं, आणि ते घेतो हे पेशंट भूलतज्ज्ञाला सांगतोच असं नाही, "ते काय, वजनाचं आहे" म्हणून सोडून देतो.

शंका असेल तर सोनोग्राफी. पेशंटला उजव्या कुशीवर वळवायचं, छातीच्या हाडाखाली प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) ठेवायचा, यकृताच्या कडेला जठराचा खालचा भाग दिसतो. रिकामा असेल तर चपटा, किंवा नेमबाजीच्या पाटीसारखा गोल. पाणी असेल तर काळा फुगा, त्यात हवेचे बुडबुडे चमकतात. जेवण असेल तर धुरकट काच. वजनाच्या किलोमागे दीड मिलीपर्यंत द्रव चालतो, त्यावर गेला किंवा घन काही दिसलं तर भरलेलं पोट समजून केस पुढे ढकलायची, नाहीतर श्वासनलिकेत झटपट नळी टाकायची तयारी ठेवायची. पाच मिनिटांचं काम आहे.