समुद्रातील अणुकचरा : जहाजांना बंदी, पाइपलाइनला वाट मोकळी

फुकुशिमा अणुवीज प्रकल्पात साठलेले, प्रक्रिया केलेले पाणी जपानने २४ ऑगस्ट २०२३ पासून प्रशांत महासागरात सोडायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी चीनने जपानमधून येणारी मासळी बंद केली. असे पाणी समुद्रात सोडणे आंतरराष्ट्रीय कायद्यात बसते का, याचे सरळ उत्तर मिळत नाही, कारण या विषयावरील नियम एकहाती रचले गेलेले नाहीत. एकेका घटनेनंतर ते तुकड्यातुकड्यांनी जोडले गेले आहेत.

समुद्रात अणुकचरा टाकण्याची सुरुवात अमेरिकेने १९४६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे केली. पुढे फॅरॅलॉन बेटांजवळच्या पाण्यात हजारो पिंपे गेली, आणि जी बुडत नसत त्यांच्यावर गोळ्या झाडून त्यांना भोके पाडली जात. त्या वेळी याला आडकाठी करणारा कोणताही करार नव्हता.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ट्यूना पकडत असलेल्या एका जपानी नौकेवर काही तास पांढरी राख पडत राहिली. नौकेवरील २३ खलाशी आजारी पडले आणि त्यांच्यापैकी रेडिओचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये दगावले. अमेरिकेने २० लाख डॉलर दिले, पण कायदेशीर जबाबदारी मात्र मान्य केली नाही. समुद्र सर्वांचा असेल, तर त्याच्या नासाडीचा जाब कोणी कोणाला विचारायचा, हा प्रश्न तिथे प्रथम उघडपणे पुढे आला.

खुल्या समुद्राविषयीच्या १९५८ च्या जिनिव्हा कराराच्या २५ व्या कलमाने किरणोत्सारी कचऱ्यापासून होणारे प्रदूषण रोखण्याचे कर्तव्य राष्ट्रांवर टाकले, पण ते मोघम होते. १९६३ च्या करारामुळे पाण्याखालील अणुचाचण्यांना बंदी आली. १९७२ च्या लंडन कराराने तीव्र किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकणे निषिद्ध ठरवले, मात्र सौम्य कचऱ्याला परवान्याची वाट ठेवली. ब्रिटनसह काही युरोपीय देश त्या वाटेने ईशान्य अटलांटिकमध्ये पिंपे टाकत राहिले.

ही वाट बंद करण्यात नाउरू आणि किरिबाटी या चिमुकल्या बेटराष्ट्रांचा वाटा मोठा आहे, आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही याची खंत वाटते. त्यांनी १९८३ मध्ये लंडन कराराच्या बैठकीत संपूर्ण बंदीची मागणी लावून धरली. त्या बैठकीने तात्पुरती स्थगिती मान्य केली. त्याच वर्षी ब्रिटनच्या खलाशांच्या संघटनेने असा कचरा वाहून नेण्यास नकार दिला, त्यामुळे कागदावरील ठरावाला गोदीतले बळ मिळाले. सोव्हिएत संघाने अणुभट्ट्यासुद्धा आर्क्टिकमधील कारा समुद्रात बुडवल्याचे १९९३ मध्ये रशियाच्याच अहवालातून उघड झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रशियन नौदलाच्या टँकरने जपानच्या समुद्रात सुमारे ९०० टन द्रवकचरा ओतला आणि पुढच्याच महिन्यात संपूर्ण बंदीची दुरुस्ती संमत झाली. फेब्रुवारी १९९४ मध्ये ती लागू झाली.

मात्र या बंदीचा सगळा भार ‘टाकणे’ या एका शब्दाच्या व्याख्येवर आहे. जहाज, विमान किंवा समुद्रातील बांधकामावरून टाकलेला कचरा त्या व्याख्येत येतो. किनाऱ्यावरून पाइपलाइनने सोडलेला येत नाही. ब्रिटनच्या सेलाफील्ड या अणुइंधन केंद्रातून आयरिश समुद्रात अनेक दशके असेच किरणोत्सारी पाणी जात राहिले. तेथील नव्या प्रकल्पाविरुद्ध आयर्लंडने २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाकडे धाव घेतली, तेव्हा न्यायाधिकरणाने काम थांबवले नाही. दोन्ही देशांनी सल्लामसलत करावी आणि माहितीची देवाणघेवाण करावी, एवढाच आदेश दिला. जमिनीवरून होणाऱ्या प्रदूषणाबाबत १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात २०७ वे कलम आहे, पण त्यात थेट बंदी नाही. राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय निकष विचारात घेऊन आपापले कायदे करावेत, असे ते सांगते.

फुकुशिमाचे पाणी समुद्राखालच्या सुमारे एक किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेर पडते. त्यातील ट्रिटियमचे (हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाचे) प्रमाण लिटरमागे १,५०० बेकरेलपेक्षा (बेकरेल हे किरणोत्साराचे एकक) कमी राखले जाते, आणि ही योजना आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांशी सुसंगत असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ मध्ये म्हटले आहे. बोगदा हे समुद्रातील बांधकाम असल्याने १९९३ ची बंदी येथे लागू होते, असा विरोधकांचा दावा आहे. तो जमिनीवरील प्रकल्पाचाच भाग आहे, असे जपान म्हणतो.