स्थानिक पॅकेज (स्रोताधारित ऑपरेटिंग सिस्टीम)

स्रोताधारित ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य संग्रहात नसलेले, किंवा असले तरी वेगळ्या आवृत्तीत वा वेगळ्या पर्यायांसह हवे असलेले सॉफ्टवेअर सिस्टीमच्याच पॅकेज व्यवस्थापकामार्फत (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या व काढणाऱ्या प्रोग्राममार्फत) बसवता यावे म्हणून वापरकर्ता जे पॅकेज स्वतः रचतो, त्यास स्थानिक पॅकेज म्हणतात. अशा सिस्टीमवर मुख्यतः तयार बायनरी (थेट चालणाऱ्या फाइली) नव्हे, तर बांधणीची कृती वितरित होते. सोर्स कोड कोठून उतरवायचा, तो कसा कंपाइल करायचा (चालवण्याजोग्या रूपात आणायचा) आणि कोणत्या फाइली कोठे ठेवायच्या, हे ती कृती सांगते. फ्रीबीएसडीत तिला पोर्ट आणि जेंटू लिनक्सवर ईबिल्ड म्हणतात.

या परंपरेचा उगम सामान्यतः फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स संग्रहात मानला जातो. त्याचा आरंभ १९९३–९४ च्या सुमारास धरावा लागतो. जॉर्डन हबर्ड यांनी पॅकेज बसवण्याची साधने आधी आणली आणि सर्व पोर्टांना सामाईक असलेले, मेक या बांधणी-साधनाचे नियम ऑगस्ट १९९४ मध्ये संग्रहात आले. बांधणीची कृती हेच पोर्टचे मर्म मानले, तर दुसरी तारीख अधिक सयुक्तिक ठरते. नेटबीएसडीने १९९७ मध्ये हाच संग्रह घेऊन पीकेजीसोर्स हा आपला संग्रह उभारला. पोर्टेज या जेंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाचे नाते मात्र इतके सरळ नाही. डॅनियल रॉबिन्स यांनी आधी ईनॉक या नावाने सुरू केलेल्या या वितरणाचे काम मध्यंतरी थांबवले होते. त्या काळात त्यांनी फ्रीबीएसडी वापरली आणि परतल्यावर पोर्टेज घडवले, जेंटूची १.० आवृत्ती मार्च २००२ मध्ये आली. त्यामुळे पोर्टेजला पोर्ट्सचा लिनक्सावतार म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ईबिल्ड बॅश या कमांड-भाषेत लिहिलेले असते, व्यवस्थापक पायथनमध्ये आहे आणि यूज फ्लॅग या पर्याय-खुणांद्वारे एकच पर्याय संपूर्ण सिस्टीमला लागू करता येतो. हे पाहता प्रेरणा पोर्ट्सची व रचना स्वतंत्र, असे म्हणणेच योग्य वाटते.

सोर्स उतरवून थेट ‘मेक इन्स्टॉल’ चालवले तरी सॉफ्टवेअर बसते, पण व्यवस्थापकाला त्याचा पत्ता नसतो. काढताना कोणत्या फाइली कोणाच्या, हे सांगता येत नाही आणि पुढे दुसऱ्या पॅकेजच्या फाइली त्यांवर लिहिल्या जाण्याचा धोका राहतो. यावरील उपाय म्हणजे मधली निर्देशिका. ईबिल्डच्या इन्स्टॉल टप्प्यात फाइली प्रथम एका प्रतिमा-निर्देशिकेत ठेवल्या जातात, नंतर तेथून मूळ सिस्टीममध्ये नेताना प्रत्येक फाइलीचा मार्ग, एमडी५ (आशयावरून काढलेली तपासणी-संख्या) आणि बदलाची वेळ नोंदली जाते. सॉफ्टवेअरची मेकफाइल (मेकसाठीच्या सूचनांची फाइल) डेस्टडिर हे मधल्या निर्देशिकेचा मार्ग सांगणारे चल मानत नसेल, तर ती थेट मूळ सिस्टीमवर लिहू पाहते. तेथे पोर्टेजचा सँडबॉक्स, म्हणजे नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहू न देणारे कवच, तिला अडवतो आणि बांधणी अपयशी ठरते. मग मेकफाइलला पॅच (बदलांची नोंद असलेली फाइल) लावावा लागतो किंवा ईबिल्डमध्येच फाइली वेगळ्या रीतीने ठेवाव्या लागतात. फ्रीबीएसडी पोर्ट्समध्ये असा मधला टप्पा २०१३ मध्येच आला.

जेंटूवर स्थानिक पॅकेजे वेगळ्या संग्रहात, म्हणजे ओव्हरलेमध्ये ठेवतात. संग्रहाचे नाव सांगणारी एक फाइल आणि मुख्य संग्रहाला आधार मानणारी दुसरी, एवढी त्याची किमान सामग्री असते. ईबिल्ड वर्ग आणि पॅकेज यांच्या निर्देशिकांत असते व आवृत्ती फाइलीच्या नावातूनच ठरते. म्हणून नवी आवृत्ती हवी असल्यास पुष्कळदा जुन्या ईबिल्डची प्रत नव्या नावाने ठेवून भागते, अर्थात अवलंबित्वे बदललेली नसतील तरच. गिटमधून (सोर्स कोडच्या चालू संग्रहातून) थेट बांधणाऱ्या ईबिल्डला ९९९९ ही आवृत्ती देण्याचा संकेत आहे. उतरवलेल्या फाइलींचे ब्लेक२बी व एसएचए५१२ हॅश (तपासणी-संख्या) मॅनिफेस्ट या फाइलीत असतात. ते जुळले नाहीत तर बांधणी सुरूच होत नाही. तीच आवृत्ती दोन संग्रहांत असल्यास अधिक अग्रक्रमाच्या संग्रहातील ईबिल्ड निवडले जाते.

केवळ एखादी ओळ बदलायची असेल, तर स्वतंत्र ईबिल्ड लिहिण्याची गरज नसते. पोर्टेजच्या सेटिंगमधील पॅचेस निर्देशिकेत पॅकेजच्या नावाखाली पॅच ठेवला की तो बांधणीच्या वेळी आपोआप लागतो. ईएपीआय ६ (ईबिल्ड लिहिण्याच्या नियमांची ६ क्रमांकाची आवृत्ती) पासून या सोयीला आधार देणे ईबिल्डवर बंधनकारक आहे. त्यापूर्वी ते ईबिल्ड लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होते.

क्रक्स या लिनक्स वितरणात ईबिल्डचे काम पीकेजीफाइल करते. जेंटू प्रकल्पाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिकृत बायनरी पॅकेजांचा विस्तृत साठा खुला केला, परंतु स्थानिक ओव्हरलेमधील पॅकेजे त्यात नसल्याने ती वापरकर्त्याला स्वतःच बांधावी लागतात.